पहिली फेरी

आंजीत कुणाच्या डोक्यावर कावळा बसला, की नत्थूजी सायकलीत हवा भरायला घेत.

कावळा डोक्यावर बसणं हे गावात मरणाचं लक्षण मानत, आणि ते टाळायची रीत ठरलेली होती. ज्याच्या डोक्यावर तो बसला, तो माणूस गेल्याची खबर त्याच्या जवळच्या नातलगांकडे धाडायची. खबर खोटी असायची, पण ते नातलगांना ठाऊक असून चालत नसे. त्यांनी खरोखर रडायला हवं. एकदा त्या माणसासाठी खरी आसवं गळली, की मरण आपलं काम झालं असं समजून माघारी जातं आणि त्या माणसाचं आयुष्य वाढतं, अशी समजूत होती.

खबर पोचवणं सगळ्यांना जमत नसे. बोलताना ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, की सगळं फुकट. नत्थूजींना जमायचं. तसे ते साधे शेतकरी, कापूस आणि तूर करणारे. पण गावच्या दंडारीत, म्हणजे दिवाळीनंतर चौकात होणाऱ्या नाचगाण्याच्या खेळात, बाईचं सोंग घ्यावं ते त्यांनीच. लुगडं नेसून ते मेलेल्या नवऱ्यासाठी रडायला लागले, की समोरच्या बाया पदर डोळ्यांना लावत. त्यांची बायको मीराबाई तेवढी मागच्या रांगेत तोंड दाबून हसत बसे.

"मले पाह्यलं का त्याहिले हासू येते," ती शेजारणीला सांगायची. "म्हणून सोंगात असले का माह्याकडं पाह्यतच नाई."

सुरभी सातवीत असताना तिच्या आईच्या, देवकाबाईच्या डोक्यावर कावळा बसला. अंगणात तुरी वाळत घालताना वरून आला, पदरावर पंजे टेकवून उडून गेला. सुरभीचे वडील अण्णाजी काही न बोलता नत्थूजींकडे गेले. दुपारी सेलूहून तिचा मामा रूपराव आला. एका पायात चप्पल होती, दुसरी कुठे राहिली ते त्याला माहीत नव्हतं. अंगणात बहीण ज्वारी पाखडत बसलेली दिसली तेव्हा तो आधी हसला. मग दाराच्या उंबऱ्यावर बसून पुन्हा रडू लागला, आणि हे रडणं पहिल्यापेक्षा मोठं होतं.

"रूपराव, चूप राहा आता," संध्याकाळी परत आल्यावर नत्थूजी म्हणाले. "तुमची बहीण आता आपल्या सगळ्याइले पोचवूनच जाते पाहा."

सगळे हसले. सुरभी मात्र मामाच्या अनवाणी पायाकडे बघत राहिली. माणसावर अचानक कोसळलं की ते कसं दिसतं, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. खोट्याच बातमीने का होईना, पण पाहिलं होतं.

पुढे ती वर्ध्याजवळच्या मेडिकल कॉलेजात शिकायला गेली. आंजीच्या शेतकऱ्यांच्या घरातून डॉक्टरकीला गेलेली ती पहिली मुलगी, म्हणून सुटीत घरी आली की ओट्यावर गुडघे आणि कंबरा दाखवायला माणसं जमत. अण्णाजींना वाटे, पोरीने वर्ध्यात दवाखाना टाकावा. सुरभीलाही तसंच वाटत होतं, डॉ. ताराचंद भेटेपर्यंत.

डॉ. ताराचंद वर्ध्यातल्या कापडाच्या व्यापाऱ्यांच्या घरचे. भाऊ गादीवर बसले आणि हे सर्जन झाले. त्र्याण्णव साली किल्लारीच्या भूकंपात काम करून आले तेव्हापासून बोलणं कमी झालं होतं, असं जुने लोक सांगत. नव्याण्णवमध्ये ओडिशात वादळ झालं तेव्हा ते दोन पथकं घेऊन गेले. परत आलेल्या सीनियर मुलांचे चेहरे सुरभीने जेवणघरात पाहिले. ती मुलं मुकाट्याने जेवत होती आणि ताटात भाताचं एक शीतही ठेवत नव्हती. त्या संध्याकाळी ती सरांकडे गेली. म्हणाली, "सर, मला हे काम शिकायचंय."

"हे काम म्हणजे?"

"जिथे सगळंच कमी पडतं, तिथे जायचं काम."

"बेटा, तिथे पहिली गोष्ट कमी पडते ती डॉक्टर. माणसं शंभर आणि तू एक. मग कुणाला आधी बघायचं, हे ठरवणं हेच तिथलं पहिलं काम. बाकीचं सगळं नंतर."

त्या पहिल्या कामाला सर पहिली फेरी म्हणत. जखमींमधून एकदा सरळ चालत जायचं. चालू शकतात त्यांना एका झाडाखाली पाठवायचं. उरलेल्यांपैकी प्रत्येकापाशी चार-दोन श्वास थांबायचं आणि मनगटाला कापडाची पट्टी बांधायची. आत्ता हात लावला तर वाचेल त्याला लाल. थोडं थांबू शकेल त्याला पिवळी. झाडाखालच्यांना हिरवी. आणि जो गेला आहे, किंवा अजून श्वास घेतो आहे पण आपल्याजवळ जे आहे त्यात वाचणार नाही, त्याला काळी. काळी बांधली की उठायचं आणि पुढे जायचं.

"उपचार नाही, विचारपूस नाही," सर सांगत. "वाहतं रक्त दाबायचं, श्वासाची वाट मोकळी करायची, बस. आणि लक्षात ठेवा, जो ओरडतो तो श्वास घेतोय. जो गप्प आहे त्याच्याकडे आधी जा."

दोन हजार सालच्या डिसेंबरात, सुरभी इंटर्नशिपला असताना, सरांनी आंजीच्या शाळेच्या मैदानावर सराव ठेवला. गावकऱ्यांनी जखमी व्हायचं आणि विद्यार्थ्यांनी फेरी करायची. जो ही फेरी नीट करील, त्याचं नाव पुढच्या पथकात. सरांनी भावांच्या दुकानातून चार रंगांचं कापड आणलं होतं. मुलींनी आलता कालवून रक्त केलं. कुणाला काय झालंय ते प्रत्येकाच्या कानात सांगायचं ठरलं.

पण काळ्या पट्टीचा अर्थ सांगितल्याबरोबर गाव बिथरलं.

"जित्या माणसाले मेलेला म्हंता?" पारावरची एक म्हातारी उठलीच. "आमी नाई येत असल्या खेळात. अभद्र!"

सर समजावू लागले तसतसं ते आणखी बिघडत गेलं. बाया मुलांना घेऊन घराकडे वळल्या. तेव्हा नत्थूजी पुढे आले.

"अवो, कावळा बसला तं आपण खबर धाडतो का नाई? हे बी तसंच. डॉक्टरसाहेबाइनं काळी बांधली, म्हंजे खोटी खबर झाली. आयुष्य वाढन तुमचं."

मग तीच म्हातारी सरांसमोर येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. "मले काळी द्या."

"आजी, तुम्हाला पाय मोडल्याचा रोल आहे. तुमची पिवळी."

"पिवळी तुह्या मायले बांध. मले काळीच पाह्यजे."

तिच्यामागे रांग लागली. कुणाला लाल नको होती, हिरवीला तर कुणी हातच लावेना. डॉ. ताराचंद कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, एका गावात सगळेच कसे मरतील?" त्या दिवशी सरांना हसताना मुलांनी पहिल्यांदा पाहिलं. शेवटी त्यांनीच रोल वाटून दिले आणि एक काळी, सगळ्यांच्या मते ज्यांचा हक्क होता त्या नत्थूजींना मिळाली. छातीचा चुरा, डोक्याला मार, श्वास चालू, वाचणार नाही, असं त्यांच्या कानात सांगितलं गेलं. ते जाऊन शाळेच्या कडुनिंबाखाली निजले.

मीराबाई कुंपणापाशी बायकांमध्ये उभी होती. "पाह्यजा आता," ती म्हणाली. "मी अथी हावो हे त्याहिले मालूम आहे. इकडं मानच नाई वळवणार."

शिट्टी झाली आणि सुरभीची फेरी सुरू झाली. तिने चालणाऱ्यांना बाजूला काढलं, एक पिवळी बांधली, एक लाल बांधली. मग ती कडुनिंबाखाली आली.

नत्थूजींच्या छातीत मधूनच काहीतरी अडकल्यासारखा आवाज येत होता. डोळे अर्धे मिटलेले. ती वाकली, मनगट हातात घेतलं, काळी पट्टी काढली. तेवढ्यात त्यांची बोटं तिच्या बोटांभोवती मिटली.

"पाणी," ते म्हणाले. "पोरी... पाणी."

हे सोंग आहे हे तिला माहीत होतं. आलता तिनेच कालवला होता. तरी तिचे गुडघे मातीत टेकले. मरणाऱ्याने पाणी मागितलं आणि कुणी उठून गेलं, असं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिच्या घरात, तिच्या गावात कुणीच तसं केलं नसतं. तिने बाटली उघडली, त्यांची मान मांडीवर घेतली आणि घोट घोट पाणी पाजू लागली. पाजता पाजता तिला रडू आलं.

वेळ संपल्याची शिट्टी झाली. मैदानाच्या टोकाला शाळेची शिपाईबाई सुलोचनाबाई पालथी पडून होती. तोंडात माती जाऊन श्वास अडकलेली, लाल पट्टीची बाई. ती बिचारी सांगितल्याप्रमाणे अगदी गप्प पडली होती. डॉ. ताराचंद स्वतः चालत तिच्यापाशी गेले, तिच्या मनगटाला काळी बांधली आणि सगळ्यांना दिसेल असा तो हात वर धरला. सुलोचनाबाई मात्र फार खूश झाली.

नत्थूजी उठून बसले, कपडे झटकत म्हणाले, "अवो डॉक्टरीणबाई, तू तं खरंच रडली!" मैदान हसलं. सुरभीला हसता आलं नाही.

नंतर सर तिला जीपपाशी घेऊन गेले. "तू चांगली डॉक्टर होशील," ते म्हणाले. "तुझ्या पेशंटांना तुझ्यासारखी दुसरी मिळणार नाही. पण ह्या कामाला मी तुला नेऊ शकत नाही. तिथे तुझा रडण्याचा वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी श्वासातून जातो."

महिन्याभरातच, झेंडावंदनाच्या सकाळी, कच्छमध्ये भूकंप झाला. सरांचं पथक निघालं. सुरभीने औषधांची खोकी बांधली, त्यांवर दोऱ्या आवळल्या, ती ट्रकमध्ये चढवली आणि फाटकाशी उभी राहिली. ट्रक गेल्यावर ती वॉर्डात परत आली. त्या दिवशी वॉर्डात तिने नेहमीसारखंच काम केलं. संध्याकाळी हात धुताना तिच्या लक्षात आलं, की दोरीने तळव्यांवर वळ उठलेत, आणि ते बघून तिला बरं वाटतंय. तिचं तेवढंच कच्छला पोचलं होतं.

पुढच्या रविवारी ती घरी गेली तेव्हा नत्थूजी ओट्यावर येऊन बसले होते.

"माह्यामुळं राहून गेलं तुहं, म्हंते अण्णाजी."

"तुमच्यामुळं नाही, काका."

"मंग कोणामुळं?"

ती एकदम म्हणाली, "इतकं खरं काऊन केलं तुम्ही?"

"खोटं करून कसं जमन? खोट्याले खऱ्यासारखं केलं नाई, तं टळत नाई नं काही." त्यांनी पान काढलं, चुना लावला, पण तोंडात घातलं नाही. "एक सांगू? तुह्या मायची खबर घेऊन मी सेलूले गेलतो. तुही मामी भिंतीवर डोकं आपटून राह्यली होती. मले वाटे, सांगून टाकावं, बाई, खोटं आहे. पण आर्वीकडं तुही मावशी होती. तिलेबी सांगायचं होतं. मंग काय करतो? सायकलवर टांग टाकली. मांगं रडणं ऐकू ये, अन् मी पायडल मारत जाओ."

"आणि मागे वळून पाहिलं असतं तर?"

"तं मावशीच्या घरी काय तोंड घेऊन गेलो असतो?" ते उठले. "तुले जमन. पान खाते?"

"नाही."

"डॉक्टर झाली, सुधरली."

मे महिन्यात गावातल्या एका मुलाचं लग्न सेलूच्या पलीकडे ठरलं. वऱ्हाड सकाळीच निघालं, तरुण मंडळी आणि नाचणारे ट्रकमध्ये, नवरदेव आणि म्हातारी माणसं मागच्या जीपमध्ये. सुरभी आईबरोबर जीपमध्ये होती. पुढे नत्थूजींच्या डफाचा आवाज येत होता आणि अधूनमधून मीराबाईचा ओरडा, "बसा खाली, पडसान!"

वर्धा मागे पडल्यावर, एका नाल्याच्या पुलाजवळ, ट्रकचा टायर फुटला. मोठा आवाज झाला आणि डफ थांबला. जीप थांबेपर्यंत ट्रक नाल्याच्या काठावरून आडवा घरंगळला होता आणि वऱ्हाड उतारावर सगळीकडे विखुरलं होतं.

सुरभी उतरली. तिच्याजवळ बॅग नव्हती, पट्ट्या नव्हत्या, पाण्याची एक बाटली होती. लोक ओरडत होते, एकमेकांना हाका मारत होते, आणि जीप एकच होती. ती जीप कुणाला घेऊन जाईल, हे आता कुणीतरी ठरवायला हवं होतं.

तिने नवरदेवाच्या डोक्यावरचा लाल फेटा मागितला. त्याने निमूट काढून दिला. जीपमधल्या एका म्हाताऱ्याच्या हातात उन्हाची छत्री होती. ती घेऊन तिने काड्यांवरून काळं कापड टर्रकन फाडलं. मग जोरात ओरडली, "ज्याइले चालता येते, ते सगळे त्या बाभळीखाली जा! लाल बांधलेले आधी जीपमधी!"

आणि जे व्हायला हवं ते झालं. आंजीचे लोक ऐकू लागले. पाच महिन्यांपूर्वी खेळलेला तो खेळ त्यांच्या लक्षात होता. जे चालू शकत होते ते उठून बाभळीकडे गेले. कुणी विचारलं नाही की असं काऊन.

ती खाली उतरली. एक लाल बांधली. दुसऱ्याच्या मांडीला फेट्याची गाठ आवळली, त्याच्या मुलाचा हात तिथे दाबून ठेवला आणि उठली. तिसरे नत्थूजी होते.

ट्रकच्या फळीखालून कुणीतरी त्यांना ओढून काढलं होतं. एका बाजूची छाती श्वासाबरोबर वर येण्याऐवजी आत जात होती. कानातून रक्त येत होतं. नाडी कशीबशी लागत होती. मनगट मोडलेली मीराबाई हात पोटाशी धरून त्यांच्या उशाशी बसली होती. सुरभीने एकदा पाहिलं आणि तिला कळलं. कडुनिंबाखाली त्यांच्या कानात जे सांगितलं होतं, तेच सगळं आता खरं होतं.

तिचा हात बाटलीकडे गेला. गुडघे टेकले.

नत्थूजींनी डोळे उघडले. आज त्यांनी पाणी मागितलं नाही. तिच्या हातातल्या छत्रीच्या कापडाकडे पाहून ओठ हलवले.

"काळी आहे काय? बांध."

तिच्याने हलवेना.

"बांध वो. आयुष्य वाढते."

तिने पट्टी फाडली आणि त्यांच्या मनगटाला बांधली. गाठ नीट बसली नाही, पुन्हा बांधली. मीराबाईने ते पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बरं झालं काळी बांधली. आता काही नाई होत त्याहिले."

सुरभीने मान वर केली नाही. नत्थूजी तिच्याकडेच पाहत होते. श्वास गोळा करायला त्यांना वेळ लागला.

"जाय नं," ते म्हणाले. "मी सोंग करून राह्यलो."

तिने बाटली मीराबाईच्या धड हातात दिली, आणि उठली. मागे पाहिलं नाही. नाल्याच्या तळाशी, सगळ्यांपासून लांब, एक मुलगा पालथा पडला होता. ट्रकचा क्लीनर, चंदन. कुठल्या गावचा हे वऱ्हाडात कुणालाच माहीत नव्हतं आणि त्याला कुणी हाक मारत नव्हतं. तो ओरडतही नव्हता. तोंड रक्ताने आणि चिखलाने भरलं होतं, ओठ निळे पडले होते. सुरभीने त्याला कुशीवर वळवलं, बोटं घालून तोंड साफ केलं, जबडा पुढे ओढला. काहीच झालं नाही. मग छाती एकदम उचलली गेली आणि तो खोकला.

तिने त्याला लाल बांधली. जीपमध्ये आधी तो गेला.

पहिली फेरी संपल्यावर ती परत वर आली. मीराबाईने बाटली तिच्याकडे परत केली. त्यात थोडं पाणी उरलं होतं.

"दोन घोट घेतले," ती म्हणाली. "मंग झोपले."

नत्थूजींची मुलगी अन्नपूर्णा सेलूला दिली होती. सासरी काम होतं म्हणून ती वऱ्हाडात नव्हती. तिच्याकडे खबर कुणी न्यायची, असा प्रश्न शेवटचे जखमी हलवल्यावर बाभळीखाली आला. असल्या खबरी नेणारा माणूस एकच होता. सुरभी म्हणाली, मी जाते.

अन्नपूर्णा अंगणात मिरच्या निवडत होती. सुरभीने सांगितलं. अन्नपूर्णाचा हात क्षणभर थांबला, आणि मग तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"बाबाच्या डोक्यावर बसला काय कावळा? बुढ्यानं दुसऱ्याइले लय रडवलं, आता त्याची पाळी." ती उठली. "अन् धाडलं कोणाले, तर तुले! तुले कायचं जमते? तुह्या कपड्याले तं आलताबी लागला आहे. ये, चहा ठेवतो."

सुरभी तिच्या मागे चुलीपर्यंत गेली. खोटी खबर देताना चेहरा खरा ठेवायचा असतो हे तिला माहीत होतं. खरी खबर कशी द्यायची, हे कुणी शिकवलं नव्हतं. तिने अन्नपूर्णाचा हात धरला, तो आपल्या कपड्यावरच्या डागावर ठेवला, आणि तोच निरोप पुन्हा सांगितला. डाग अजून ओला होता. अन्नपूर्णाने हाताकडे पाहिलं. सुरभी तिच्यापाशी बसून राहिली. इथे पुढचं घर नव्हतं. बसायला वेळ होता.

डॉ. ताराचंदांना सगळं कळलं. दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "जीप चालवता येते?" येत नव्हती. ती शिकली. विहिरीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर किती टाकायची, छावणीत संडास विहिरीपासून किती लांब खणायचे, गोवराची लस उन्हात कशी जपायची, हे शिकली. आपत्तीत निम्मी डॉक्टरकी पाण्याची आणि संडासाची असते, असं सर म्हणत. मग तिने भूल देण्याच्या शाखेत पुढचं शिक्षण घेतलं, कारण तंबूत ऑपरेशन करायला सर्जन मिळतो आणि भूल द्यायला कुणी मिळत नाही. अण्णाजींचा वर्ध्यातला दवाखाना राहून गेला. त्यांनी एकदाच विचारलं, "तुले भेव नाई वाटत?" ती म्हणाली, "वाटते." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सरावही दरवर्षी होत राहिला, आंजीतच. काळी पट्टी मागायला आता कुणी पुढे येत नव्हतं. ती द्यायची वेळ आली की मीराबाई उठायची, कडुनिंबाखाली जाऊन निजायची, आणि हात पुढे करायची.

दोन हजार चारच्या डिसेंबरात समुद्र किनाऱ्यावर चढला. त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. "तामिळनाडू. पहिली फेरी तुझी. येशील?"

निघण्याआधी ती आंजीला गेली. आईने डबा दिला. मग ती मीराबाईकडे गेली. मीराबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. साडेतीन वर्षांत दोघी त्या दिवसाबद्दल कधी बोलल्या नव्हत्या.

"काकू, जाऊन राह्यली."

"माहीत आहे. अण्णाजी सांगे." मीराबाईने सूप बाजूला सारलं. "तुले त्या दिवशी मालूम होतं नं? बांधली तवा?"

"हाव."

"अन् त्याहिले?"

सुरभीने हाच प्रश्न स्वतःला कितीदा विचारला होता. "मला नाही कळलं, काकू. खरंच आयुष्य वाढते असं वाटलं असेल त्यांना. की मी उठावं म्हणून बोलले असतील. नाही कळलं."

"मले कळलं." मीराबाईच्या आवाजात रडू नव्हतं. "मी उशाशी बसली होती. मेल्या माणसासारखा पडला होता, पण माह्याकडं एकदाबी नाई पाह्यलं त्यानं. सगळा वेळ तुह्याचकडं. जलमभर पाह्यलं मी ते. सोंगात असला का तो माह्याकडं पाह्यत नसे."

तिने सूप पुन्हा पुढे ओढलं.

"मंग मीबी म्हणलं, बरं झालं काळी बांधली. तू उठली पाह्यजे होती नं, माय. तो पोट्टा खाली होता."

शेंगांचा कोरडा आवाज होत राहिला. मग मीराबाई आत गेली आणि घडी घातलेलं काळं कापड घेऊन आली. तिच्या घरातल्या छत्रीचं, स्वच्छ धुतलेलं, पट्ट्या कापलेलं.

"थो डॉक्टरसाहेबाचा कपडा गाठीतून सुटते," ती म्हणाली. "याची गाठ पक्की बसते."

सुरभीने ते बॅगेत ठेवलं. वर्ध्याची एसटी फाट्यावर उभी होती. चढताना तिला मागे वळावंसं वाटलं. ती वळली नाही. ते परत आल्यावर करायचं होतं.